टोकियोच्या गल्लीतलं चांगलं सुशीचं दुकान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियोतल्या निशी-कासाईला राहायला आल्यापासून दर वर्षी साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या सुमारास माझ्या फोनवर एकाच धाटणीचे मेसेज येऊ लागतात. कोणाचा मेहुणा कंपनीच्या कामाने टोकियोला येतोय, कोणाचे आईवडील टूरमधून दोन दिवस मोकळे आहेत, आणि सगळ्यांना "एकदा तरी खरीखुरी सुशी" खायची आहे. तीच ती उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून ही यादी. बरंचसं एकाच दुकानाच्या अनुभवावरून लिहिलंय. आमच्या घरापासून तोझाई लाइनने चौथं स्टेशन मोन्झेन-नाकाचो, तिथली मागची गल्ली, आठ खुर्च्या. नाव लिहीत नाही, कारण खुर्च्या आठच आहेत. पण अशी दुकानं टोकियोच्या बहुतेक वस्त्यांत सापडतात आणि रिवाज थोड्याफार फरकाने हेच असतात.

१. पट्ट्यावर फिरणाऱ्या सुशीपेक्षा हे वेगळं काय? आणि गिन्झातल्या नामांकित दुकानांपेक्षा?

फिरत्या पट्ट्याची सुशी १९५८ साली ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी यांनी सुरू केली. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ती कल्पना सुचली. तिथे बशीगणिक पैसे, आणि भाताचे गोळे बहुधा यंत्र वळतं. मुलांना घेऊन आम्ही तिथेच जातो, त्यात कमीपणा काही नाही.

गल्लीतल्या दुकानात लाकडी फळीच्या पलीकडे एक माणूस उभा असतो. तो एक घास वळतो, तुमच्यासमोर ठेवतो, तुम्ही खाता, मग पुढचा. त्याला 'ताइशो' म्हणायचं. चहा, बिल, कोट टांगणं हे बहुतेक ठिकाणी त्यांची बायको बघते, तिला 'ओकामी-सान' म्हणायचं. गिन्झा या महागड्या भागातही काम हेच चालतं, फक्त जागेचं भाडं वेगळं आणि मासा आणखी वरच्या प्रतीचा. गंमत म्हणजे हे सगळं मुळात रस्त्यावरचं खाणं. १८२० च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे जुन्या टोकियोत, हानाया योहेई यांनी निगिरी, म्हणजे हाताने वळलेल्या भातावर मासा, लोकप्रिय केली असं मानतात. कामावरून जाता-येता गाडीवर उभ्याउभ्या दोन घास खायचे. थोडक्यात, त्या काळचा वडापाव.

२. माणशी किती खर्च येतो? आणि एवढे पैसे कशाचे?

आमच्या दुकानात रात्रीचे १५,००० ते २०,००० येन, पेयं वेगळी. रुपयांत साधारण नऊ ते अकरा हजार. दुपारचं जेवण असेल तर बऱ्याच दुकानांत निम्म्यात भागतं, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी दुपारचंच सुचवते. गिन्झात ३०,००० च्या पुढे मोजायची तयारी ठेवा.

पैसे कशाचे हे मला एका छत्रीमुळे कळलं. रात्री विसरलेली छत्री आणायला मी दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला गेले. दुकान बंद, पण मागचं दार उघडं होतं. ताइशो स्टुलावर बसून कोहादा साफ करत होते. कोहादा म्हणजे तळहाताएवढा चंदेरी मासा, तारलीच्या गोतातला. खवले काढले, डोकं उडवलं, पोट साफ केलं, पाठ न तोडता पुस्तकासारखा उघडला. मग बांबूच्या चाळणीवर कातडी खाली ठेवून एकेक मांडला आणि वरून हाताने मीठ भुरभुरलं. शेजारी टायमर लावलेला. मीठ किती मिनिटं ठेवायचं हे माशाची चरबी आणि आकार बघून ठरतं, मग पाण्याने धुवायचं, मग व्हिनेगरमध्ये, मग निथळून मुरायला. आज साफ केलेला मासा उद्या-परवा ताटात येतो. पंचवीस-तीस मासे होते, म्हणजे दोन रात्रींचे. त्या दिवशी अनागो, म्हणजे वामेच्या जातीचा मासा, शिजायचा होता, शिंपल्या व्हायच्या होत्या, अंड्याचा थर लावायचा होता. या पूर्वतयारीला 'शिकोमी' म्हणतात. रात्रीचे दोन तास आपण बघतो, बाकीचे आठ-दहा तास बिलात असतात.

टूना हा वेगळाच विषय. बातम्यांत येणारे आकडे मात्र मनावर घेऊ नका. जानेवारी २०१९ मध्ये तोयोसू या टोकियोच्या मासळी बाजारातल्या वर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. ती जाहिरातच असते, त्या भावाचा टूना गल्लीत येत नाही.

३. बुकिंग कसं करायचं? आम्ही सात जण आहोत.

सात जण असाल तर नका करू. आठ खुर्च्यांत सात मराठी माणसं बसली की आठव्याने काय करायचं? दोघं-तिघं उत्तम. एकटं जाणं तर सगळ्यात चांगलं. त्या फळीवर एकट्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही.

काही दुकानं ऑनलाइन बुकिंग घेतात, तिथे कार्डाचा नंबर द्यावा लागतो. बाकीची फक्त फोनवर, तेही जपानीत. हॉटेलात उतरला असाल तर रिसेप्शनला सांगा, ते करून देतात आणि दुकानालाही हॉटेलचा भरवसा वाटतो. महिनाभर आधी विचारलेलं बरं. रविवारी आणि काही बुधवारी तोयोसूचा बाजार बंद असतो, त्यामुळे पुष्कळ दुकानं त्याच दिवशी सुट्टी घेतात. बुकिंग करतानाच कोणाला काय चालत नाही ते सांगा (प्रश्न ६ आणि ७).

४. उशीर झाला किंवा रद्द करावं लागलं तर?

अनेक ठिकाणी सहाला म्हणजे सहाला आठही जणांचं एकदम सुरू होतं. भात त्या वेळेला तयार होईल असा लावलेला असतो. "आलोच, पाच मिनिटांत" हे इथे चालत नाही. दहा मिनिटं आधी पोचा. दार उघडायच्या आधी आत मात्र शिरू नका. वेळ असेल तर मोन्झेन-नाकाचोला फुकागावा फुदोदो हे देऊळ आहे, तिथे चक्क होम चालतो. त्याला 'गोमा' म्हणतात आणि शब्द आपल्याच होमावरून गेलाय. ढोल-ताशांच्या गजरात अग्नी बघून सुशी खायला जाणं हा आमच्याकडच्या पाहुण्यांचा ठरलेला कार्यक्रम.

रद्द करायचं तर लवकरात लवकर. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं तर निम्मे किंवा पूर्ण पैसे कापतात. न सांगता गैरहजर राहिलात तर पूर्ण. तुमच्यासाठी घेतलेला मासा उद्या दुसऱ्या कोणाला वाढता येत नाही, त्यामुळे यावर वाद घालू नये.

५. बुकिंग नेमकं गुरुवारी मिळालंय. किंवा श्रावणात. काय करू?

हसू नका, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. बुकिंगच्या आधी कालनिर्णय बघा, नंतर नाही. माझा मावसभाऊ खुर्चीवर बसल्यावर, हात पुसल्यावर, पहिला पदार्थ समोर आल्यावर मला हळूच म्हणाला, "अगं, आज गुरुवार ना?" ताइशोंनी कपाळावर आठीही न आणता त्याला काकडीचा रोल, मग दुधी भोपळ्याच्या पट्ट्यांचा रोल, मग लोणच्याचा रोल, मग पुन्हा काकडीचा करून दिला. बिल इतरांएवढंच आलं. १६,००० येनची काकडी आमच्या घराण्यात अजून निघते.

श्रावणाची अडचण जास्त जीवघेणी आहे. कोहादाची अगदी कोवळी पिल्लं, 'शिंको', जुलै-ऑगस्टमध्ये थोडे दिवस येतात. इतकी लहान की एका घासावर दोन-तीन मासे लागतात. सुशीवेडे लोक वर्षभर त्यांची वाट बघतात. आणि त्याच सुमारास आपला श्रावण. ज्याने त्याने आपापल्या देवाशी बोलून घ्यावं.

६. आमच्यातली एक जण शाकाहारी आहे. तिला सोबत आणलं तर चालेल?

खरं सांगू? नका आणू. तिच्यावरही अन्याय आणि पैशांवरही. सूप आणि बरेचसे शिजवलेले पदार्थ सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पाण्यात होतात. अंडं खाणाऱ्यांनाही फसायला होतं, कारण इथल्या अंड्याच्या वडीत कोळंबी किंवा पांढरा मासा वाटून घालायची जुनी पद्धत आहे. भोपळ्याच्या पट्ट्याही कधीकधी त्याच पाण्यात शिजतात. उरते काकडी (प्रश्न ५).

टोकियोत बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण मिळतं, 'शोजिन र्योरी'. त्यात कांदा-लसूणही नसतो. तिला तिथे न्या, दोघी मिळून जा, आणि सुशीला दुसऱ्या दिवशी एकटं या.

७. मला कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी आहे. / मी गरोदर आहे.

अ‍ॅलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. क्रम आधी ठरलेला असतो, त्यात बदल करायला वेळ मिळाला तर ताइशो आनंदाने करतात. अंड्याच्या वडीतली कोळंबी (प्रश्न ६) मुद्दाम आठवून सांगा, ती दिसत नाही. चाकू आणि फळी एकच असते, त्यामुळे अ‍ॅलर्जी जीवावर बेतणारी असेल तर धोका पत्करू नका.

गरोदर असाल तर मी पुढच्या वर्षी या म्हणेन. कच्च्या माशाचा प्रश्न आहेच, शिवाय काही मोठ्या माशांत पारा जास्त असतो. ब्लूफिन टूना आणि किन्मेदाई यांसारखे मासे गरोदरपणात बेतानेच खावेत असं जपानचं आरोग्य मंत्रालयही सांगतं. डॉक्टरांना विचारा, मला नको.

८. कच्चा मासा खाऊन पोट बिघडणार नाही ना?

पहिली गोष्ट, सगळं कच्चं नसतं. कोहादा मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवलेला, अनागो शिजवलेला, कोळंबी बहुतेक वेळा उकडलेली, शिंपली रसात मुरवलेली, अंडं भाजलेलं. बर्फ नव्हता त्या काळी मासा टिकवायच्या या युक्त्या होत्या आणि चवीसाठी पुढे राहिल्या. हिरामेसारखे चपटे, पांढऱ्या मांसाचे मासेही कित्येकदा मुद्दाम एक-दोन दिवस थांबवून, नाहीतर कोंबू या समुद्री शेवाळाच्या पट्ट्यांत दाबून ठेवतात. "समुद्रातून थेट ताटात" हे इथे कौतुकाचं वाक्य नाही.

खरी भीती असते ती आनिसाकिस या बारीक कृमीची. साबा (बांगड्याच्या गोतातला), माकूल, कात्सुओ (बोनिटो) यांत तो सापडू शकतो. वासाबीने, सोया सॉसने किंवा व्हिनेगरने तो मरत नाही, हे "वासाबी खाल्लं की काही होत नाही" म्हणणाऱ्या काकांना आवर्जून सांगा. उणे २० अंशांवर २४ तास गोठवला किंवा नीट शिजवला तर मरतो. चांगला कारागीर गोठवतो किंवा उजेडाखाली डोळ्यांत तेल घालून बघतो. तरीही खाल्ल्यावर काही तासांत पोटात असह्य कळा आल्या तर ओवा खाऊन झोपू नका, दवाखाना गाठा. दुर्बीण घालून कृमी काढता येतो.

९. कपडे कसे घालायचे? मुलांना आणलं तर?

नीटनेटके पुरतात. सूट नको, हाफ पँट नको. अत्तर, सेंट, वासाचं तेल मात्र अजिबात नको. भाताच्या व्हिनेगरचा वास हा जेवणाचा अर्धा भाग आहे आणि शेजारी पाव हातावर दुसरं कोणीतरी बसलेलं असतं. समोरची फळी बहुतेकदा हिनोकीच्या एकाच लाकडाची, विनापॉलिश. तिच्यावर ओरखडा लगेच उठतो. घड्याळ आणि जाड कडं काढून ठेवा. माझ्या सासूबाईंनी पाटल्या काढायला नकार दिला, तेव्हा ओकामी-सान हसल्या आणि मनगटाखाली घडी घातलेला रुमाल ठेवून गेल्या. फोनही फळीवर उपडा आपटू नका.

लहान मुलांना बरीच दुकानं घेत नाहीत. मोठ्यांएवढंच जेवतील अशी असली तर विचारून बघा.

१०. ओमाकासे म्हणजे काय? किती घास येतात, कोणत्या क्रमाने?

'तुमच्यावर सोपवलं.' मेन्यू नाही, निवड नाही. आधी चार-पाच छोटे पदार्थ, मग दहा-बारा निगिरी एकेक करून. सहसा हलक्या चवीचे आधी, म्हणजे हिरामे किंवा माकूल, मग टूनाचा लाल भाग, मग चरबीचा, मध्येच जीभ जागी करायला कोहादा, शेवटाकडे उनी, म्हणजे काटेरी सी-अर्चिनच्या आतला मऊ भाग, आणि अनागो. अनागो इतका मऊ की तो हाताने उचलताना तुटेल अशी भीती वाटते. त्यावर त्याच्याच रसाचा आटवलेला गोडसर काढा फिरवलेला असतो. अंड्याची वडी आली की समजायचं, संपत आलं. पानावर दहीभात यावा तसं.

सगळीकडे ओमाकासेच असतं असं नाही. जुन्या दुकानांत भिंतीवर लाकडी पाट्या असतात, त्यांतून हवं ते मागवता येतं. त्याला 'ओकोनोमी' म्हणतात. पाटीवर भाव नसला किंवा 'जिका' लिहिलेलं असलं तर तो दिवसाचा बाजारभाव. अशा वेळी आधी विचारायला लाजू नका.

११. हाताने खायचं की काड्यांनी? सोया सॉस कुठे असतो?

हाताने. काड्याही चालतात, कोणी काही म्हणणार नाही. पण हाताने जेवण्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या तरबेज आहोत, ते इथे वाया का घालवायचं? तीन बोटांनी अलगद उचलायचा, एका घासात तोंडात. दोन तुकडे करून चावलात तर भात सांडतो. बोटं पुसायला ओला रुमाल शेवटपर्यंत समोर असतो. डावखुरे असाल तर बोलू नका, फक्त बघा. माझी मैत्रीण डावखुरी आहे. दुसऱ्या घासापासून तिचा घास उलट्या तिरक्या बाजूने ठेवला जाऊ लागला, एक शब्दही न बोलता.

सोया सॉस बहुतेक वेळा माशावर ब्रशने आधीच लावलेला असतो, सौम्य करून घेतलेला. त्याला 'निकिरी' म्हणतात. म्हणजे बुडवायचं काही नाही. समोर छोटी बशी आलीच तर माशाची बाजू टेकवा, भाताची नाही. भात सॉस पिऊन फुटतो आणि आमटीत बुडवलेल्या पावासारखं होतं.

घास समोर आला की लगेच खा. पोळी तव्यावरून पानात येते तेव्हा आई जशी बघत उभी असते, तसंच हे.

१२. वासाबी आणखी मागता येतं का? आलं कशावर घालायचं?

वासाबी मासा आणि भाताच्या मध्ये आधीच असतं, कमी चरबीच्या माशाला थोडं, चरबीच्या टूनाला जास्त. मागा हवं तर. हे ट्यूबमधलं हिरवं नाही. इझूसारख्या डोंगराळ भागात ओढ्याच्या पाण्यात वाढलेलं मूळ शार्कच्या कातडीच्या किसणीवर त्याच वेळी किसतात. नाकात सणक कमी, मागे गोडवा. ते सॉसमध्ये कालवून चटणी करू नका. नकोच असेल तर "साबी नुकी" म्हणा.

आलं सुशीवर घालायचं नाही. दोन घासांच्या मध्ये खायचं, बडीशेपेसारखं, फक्त आधीच.

१३. भात कोमट आणि लालसर का? शिळा आहे का?

असं एका काकूंनी खरंच विचारलं होतं, माझ्या कानात का होईना. भात अंगाच्या उबेइतका कोमट ठेवलेला असतो, मुद्दाम. थंडगार असला तर माशाची चरबी सुटत नाही. लालसरपणा व्हिनेगरचा. साके या तांदळाच्या दारूचा चोथा मुरवून केलेलं ते व्हिनेगर, आणि ते जुन्या एदोच्या सुशीचं वळण. हांदा गावात १८०४ साली नाकानो घराण्याने चोथ्याचं व्हिनेगर करायला घेतलं, ते एदोला बोटींनी जायचं आणि त्याच सुमारास निगिरी फोफावली. आज तीच कंपनी मिझकान.

तांदूळ आपल्या बासमतीसारखा सुटा नाही. पुष्कळ कारागीर सासानिशिकी हा वाण पसंत करतात, तोंडात दाणा दाणा वेगळा होतो म्हणून. आणि मुळात सुशी म्हणजे कच्चा मासा नाहीच, आंबट भात आहे. घास समोर ठेवला की एक सेकंद थांबून बघा. चांगला वळलेला असेल तर तो स्वतःच्याच वजनाने केसभर खाली बसतो, कारण आत हवा आहे. मला हे दिसायला तीन वेळा जावं लागलं.

१४. फोटो काढू शकतो का?

आधी विचारा. घासाचा बहुतेक जण काढू देतात, माणसाचा आणि शेजारच्यांचा नाही. फ्लॅश नको, व्हिडिओ नको. एक फोटो, मग तोंडात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका कोहादाचे तीन कोन काढत बसले. तिसऱ्या फोटोला ताइशोंनी माझ्याकडे नाही, त्या घासाकडे पाहिलं. त्यानंतर फोन पर्समध्ये असतो.

१५. सामन का नाही मिळत? आणि कॅलिफोर्निया रोल?

जुन्या एदो पद्धतीत कच्चा सामन नव्हताच. इथल्या समुद्रातल्या सामनमध्ये कृमींचा धोका (प्रश्न ८), म्हणून तो खारवून भाजायचा मासा. कच्चा सामन भातावर आणला नॉर्वेच्या मासे विकणाऱ्यांनी, १९८० च्या दशकात मुद्दाम मोहीम चालवून. आज पट्ट्यावर मुलांचा तोच सगळ्यात लाडका. गल्लीतल्या दुकानात मागितलात तर रागावणार नाहीत, नाही म्हणतील. कॅलिफोर्निया रोल मागू नका. उडुप्याकडे जाऊन मोमो मागण्यासारखं आहे ते.

१६. माशांची नावं काहीच कळत नाहीत. मराठीत सांग ना.

आपल्या कानांना ती भारी वाटतात. अजी, ताई आणि काकी तिघीही ताटात येतात. अजी हा छोटा, चांगल्या चरबीचा मासा, ताई हा लग्नकार्यातला मानाचा गुलबट मासा, काकी म्हणजे कालवं. भातावरच्या तुकड्याला 'नेता' म्हणतात. तो ताजा असावा अशी अपेक्षा असते, एवढाच आपल्याकडच्याशी फरक.

साबा हा बांगड्याचा चुलत भाऊ, सावारा तर सुरमईच्याच कुळातला. इवाशी म्हणजे तारली. अनागो वामेच्या जातीचा. हिरामे लेपीसारखा चपटा. इका म्हणजे माकूल, एबी कोळंबी, कानी खेकडा, हामागुरी तिसऱ्यांची थोरली बहीण. मालवणचे पाहुणे हे ऐकून खूश होतात आणि दुसऱ्या घासाला विचारतात, "तिरफळ नाही?" नाही. साबा तोंडात घेतल्यावर ज्याला बांगड्याच्या तिखल्याची आठवण येत नाही, तो खोटं बोलतोय.

१७. एखादा मासा नको असेल, पोट भरलं असेल, किंवा एखादा पुन्हा हवा असेल तर?

नको तो आधी सांगा. उनी आणि कालवं यांना घाबरणारे पुष्कळ असतात, त्यात लाज नाही. घास ठेवल्यावर नाही म्हणणं मात्र वाईट. पोट भरत आलं तर "शारी सुकुनामे" म्हणा, भात कमी होतो. बायकांना आणि वयस्कांना काही ठिकाणी न सांगताच थोडा लहान घास देतात.

क्रम संपला की ताइशो विचारतात, आणखी काही? तेव्हा आवडलेला मासा पुन्हा मागता येतो. तो बिलात वेगळा लागतो. मी दर वेळी कोहादा मागते. टूना मागणारा पाहुणा आणि कोहादा मागणारा पाहुणा यांत दुकान फरक करतं असा माझा संशय आहे. टूना बाजारातून येतो, कोहादा दुपारी त्या स्टुलावर होतो (प्रश्न २). आणि टूनाच्या ज्या चरबीदार भागासाठी, 'तोरो'साठी, आज एवढे पैसे मोजतात, त्याला एके काळी 'नेकोमातागी', मांजरही ओलांडून जाईल असं, म्हणत.

१८. आम्ही दारू घेत नाही. चालेल?

चालेल. चहा फुकट असतो, जाड उभ्या पेल्यात, कडक आणि जीभ पोळेल इतका गरम, तोंडातली चरबी धुवायला. रात्रीच्या वेळी एखादं पेय मागवावं अशी दुकानाची अपेक्षा असते. बाटलीतला थंड चहा मागवला तरी पुरे. सोया सॉस आणि मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू) यांत थोडा मद्यांश असतो, कडक पथ्य असेल तर लक्षात ठेवा.

१९. जपानी येत नाही. काय बोलायचं? बिल, टिप?

चार शब्द पुरतात. सुरुवातीला "इतादाकिमास", ते त्यांचं 'वदनी कवळ घेता' समजा. हाक मारायला "सुमिमासेन". आवडलं तर "ओइशी". निघताना "गोचिसोसामा देश्ता", आणि हे ताइशोंकडे बघून म्हणा.

बिलासाठी "ओकाइके ओनेगाइ शिमास". यूट्यूब बघून आलेले "ओआइसो" म्हणतात, चहाला "आगारी" म्हणतात. ते दुकानातल्या लोकांचे आपसांतले शब्द आहेत. गिऱ्हाइकाने म्हटले की शहाणपणा वाटतो. टिप नाही. ठेवलीत तर पैसे विसरलात समजून गल्लीच्या टोकापर्यंत तुमच्यामागे धावत येतील. १० टक्के कर दरात धरलाय का, आणि काही ठिकाणी सेवाशुल्क लागतं का, ते आधी बघा. लहान दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, रोख जवळ ठेवा.

२०. ऑफिसचे जपानी साहेब घेऊन जातायत. बिल मी द्यायचं म्हणायचं का?

ज्याने बोलावलं तो देतो, आणि बहुधा तुम्ही हात धुवायला गेलात तेवढ्यात देऊन मोकळा होतो. फळीसमोर "मी देतो, मी देतो" अशी आपल्याकडची ओढाताण करू नका. बाहेर पडल्यावर एकदा आभार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पुन्हा एकदा. दुसरं विसरलात तर पहिलं फुकट. साहेब सांगतील तिथेच बसा. त्यांचं दुकान नेहमीचं असेल तर ताइशो तुमच्याशीही बोलतील. भारतातून आलेल्यांना हमखास विचारतात, तुमच्याकडे कोणता मासा? तेव्हा "करी" एवढंच सांगून थांबू नका, पापलेटाचं बोला. त्याच्या जवळचा 'मानागात्सुओ' त्यांना ठाऊक असतो.

२१. पार्सल मिळतं का? आईला चालवत नाही, तिला हॉटेलवर न्यायचं आहे.

ओमाकासेतलं उरलेलं बांधून देत नाहीत, मागूही नका. पण आधी सांगितलं तर बरीच दुकानं जाड रोल किंवा भातावर पसरलेली चिराशी डब्यात भरून देतात. पूर्वी बाबा लोक उशिरा, जरा डुलत घरी यायचे तेव्हा बोटाला सुतळीने लटकवलेला असा सुशीचा डबा असायचा, बायकोचा राग शांत करायला. जपानी कार्टूनांत तो अजून दिसतो.

आईसाठी जाड रोल घ्या, 'फुतोमाकी'. आत अंडं, भोपळ्याच्या पट्ट्या, शिजवलेला अनागो, दाताला सोपं. त्याच रात्री द्या. फ्रिजमध्ये ठेवलात तर सकाळी भाताचे खडे होतात.